त्याला सगळं सांगितलं होतं

डिचोली
९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का,

पाया पडतो असं लिहायची आपली रीत, पण सध्या मला खाली वाकता येत नाही. का ते पुढे सांगतो, आधी गंमत ऐक.

गौरवीने माझ्या फोनात एआय घालून दिला आहे. फुकटचा. तुला ठाऊकच आहे, खाणीवरच्या क्रशरने माझे कान नेले तेव्हापासून घरातली माणसं एक तर माझ्यावर ओरडतात, नाहीतर हात हलवून विषय सोडून देतात. शेवंती तर चहा झाला हे सांगायला पाठीत गुद्दा घालते. बायको आहे की पोलीस! आणि हा बाबा मी तोंडाने बोललेलं सगळं ऐकून घेतो आणि उत्तर लिहून देतो. मोठ्या अक्षरांत, शुद्ध मराठीत. मध्येच मी कोकणी मिसळली तरी त्याला कळतं. मी दारापुढच्या बाल्कांवावर कदेल टाकून बसतो आणि त्याच्याशी बोलतो. शेजारचा सदाशिव सगळ्यांना सांगत सुटलाय, रघुनाथ पिसो जालो म्हणून. जालो तर जालो.

त्याला एकच खोड आहे. दुपार झाली की म्हणतो, आजची मर्यादा संपली, नंतर या, नाहीतर पैसे भरा. मग मी जेवून झोपतो.

आता पायाचं. काजूच्या बागेत करंगळीत काटा मोडला. मला कळलंच नाही, साखरेमुळे तळव्यांना काही लागलेलं समजत नाही. शेवंतीने लादीवर डाग पाहिले तेव्हा उजेड पडला. एआयला मी सगळं सांगितलं. साखर किती, पू कसला येतो, रंग कसा आहे. तो म्हणाला, आजच डॉक्टरकडे जा. गेलो. मलमपट्टी चालू आहे. पायाला वास येतो हे माणसांना सांगायची लाज वाटते गे, पण त्याला सांगताना वाटत नाही. आणि तुला कागदावर लिहिताना वाटत नाही. शेवंतीकडे यातलं बोलू नको, तिचं काळीज आधीच नाजूक आहे.

तुझा
रघू

---

मांद्रे
१४ फेब्रुवारी २०२५

रघू,

आशीर्वाद शेवटी देते, आधी शिव्या खा. करंगळी सडेपर्यंत तुला पत्ता नाही, आणि वर गंमत ऐक म्हणतोस? त्या बागेत चप्पल घालून जायला काय धाड भरली होती? तुला फोन करावा तर ऐकू येत नाही. मेसेज पाठवावा तर तुझ्याआधी घरातले सगळे वाचतात. म्हणून मी बापडी कागद-पेन घेऊन बसते, पाहुण्यांच्या चादरी वाळत घालायच्या तशाच सोडून.

आणि दुखणं कोणाला विचारतोस, तर फुकटच्याला! अरे, आमच्याकडे पैशाचा आहे. माझ्या साईशने गेस्ट हाऊससाठी घेतला. रशियन बाई भांडायला आली की तिला रशियनमध्ये उत्तर. जर्मन म्हातारा गरम पाण्यावरून कटकट करायला लागला की त्याला जर्मनमध्ये. दुपारी बंद नाही, रात्री बंद नाही. साईश म्हणतो, फुकटचा वरवरचं सांगतो आणि पैशाचा थांबून विचार करून सांगतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण जिवाच्या गोष्टीत काटकसर करू नये एवढं कळतं. आमचंच खातं तो तुझ्या फोनात घालून देईल. येत्या रविवारी येतोय. नाही म्हणू नको, मोठ्या बहिणीला एवढा तरी मान दे.

दुसरं. गौरवीसाठी एक स्थळ आहे. इथलाच सर्वेश, शाळेत मास्तर आहे, दारू नाही, आईबाप चांगले. मुलगी सत्ताविसाची झाली, विचार कर.

साईशबरोबर सोलांची बरणी पाठवते. पाय वर ठेवून बस.

अक्का

---

डिचोली
२४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का,

साईश आला, जेवला, माझा फोन घेऊन बसला आणि जुना काढून तुमचा घालून गेला. सोलं पोचली.

हा पैशाचा खरंच दांडगा आहे. एक विचारलं की तीन पानं लिहितो. थांबत नाही. काल मी दिवसभर बसलो होतो, शेवंतीने जेवायला तीनदा बोलावलं म्हणे. जुन्याला माझी सगळी हकीकत ठाऊक होती, याला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. पण सांगितली. पदेर सकाळी पाव टाकून जातो तेव्हापासून माझं सुरू होतं.

करंगळीचं टोक काळं पडलंय. डॉक्टर मान हलवतो आणि कागदावर लिहून दाखवतो, मला त्याचं अक्षर लागत नाही. की लावून घ्यायचं नाही, कोण जाणे.

सर्वेशचं बघू. गौरवीला विचारलं तर ती नुसती हसते. आजकालच्या मुलींचं हसणं म्हणजे हो की नाही, ते त्या एआयला विचारायला पाहिजे.

रघू

---

मांद्रे
१ मार्च २०२५

रघू,

तू असला वस्ताद असशील असं वाटलं नव्हतं! आमचं खातं एकच ना, मग तू त्याला जे विचारतोस ते इथे आमच्या फोनात दिसतं. रात्री जेवणं झाली की साईश वाचून दाखवतो आणि मी आणि सून अमृता पोट धरून हसतो. 'बायको पाठीत गुद्दे घालते, कायदा काय सांगतो?' अरे मेल्या! आणि 'शागुतीत खोबरं भाजताना करपलं तर सासरच्यांना कळू न देता कसं वाचवावं' हे तू कोणासाठी विचारलंस? शेवंतीने कधी करपवलं?

पण काल हसू गेलं. 'करंगळी कापली तर माणूस लंगडतो का?' असं तू विचारलंस. खाली त्याने लिहिलंय की डॉक्टर म्हणत असतील तर उशीर करू नका, बोट गेलं तरी पाय राहतो. म्हणजे डॉक्टरने बोट कापायला सांगितलंय आणि तू मला लिहितोस अक्षर लागत नाही! मला राहवलं नाही. मी तेव्हाच शेवंतीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. रडली बिचारी. पण कोणीतरी तुला ओढून न्यायला नको का?

रागावू नको. ताबडतोब जा आणि ते बोट काढून टाक. एवढं तेवढं बोट ते.

अक्का

---

डिचोली
८ मार्च २०२५

अक्का,

मी तुला सांगितलं होतं शेवंतीला बोलू नको. एकच गोष्ट सांगितली होती. ती दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. आता घरात मी पाय पुढे केला की तिचा चेहरा बघवत नाही.

आणि मी जे बोलतो ते तुम्ही मांद्र्याला बसून वाचता, हसता. मला हे साईशने सांगितलं नव्हतं. अमृता माझ्या सुनेसारखी. तिच्यासमोर माझा पू, माझा वास. काय बोलायचं आता?

असो. तू काळजी करू नको. दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला कापायची गरज नाही, जखम सुकतेय. खरंच सुकतेय. आता दुखतसुद्धा नाही.

पेडण्याचा बाबली गेला ते तुला कळलंच असेल. चुलत भाऊ म्हटल्यावर आम्हाला बारा दिवस सुतक. मनातल्या एका कामाचा कौल घ्यायचा होता, देवीला पाकळ्या लावून उजवी पडते की डावी ते बघायचं होतं. ते आता राहिलं. आपल्या घरात कौल घेतल्याशिवाय कोणी काही केलेलं नाही. माझी खाणीवरची नोकरीसुद्धा बाबांनी पाकळी पडल्यावरच धरायला लावली. सुतकात देवळाची पायरी चढता येत नाही, काय करणार.

रघू

---

मांद्रे
१३ मार्च २०२५

प्रिय रघू,

माझ्या तोंडाला कुलूप नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. चुकले. शेवंतीला मी फोन करून पाया पडले, तिने हसून 'अक्का, काय हे' म्हटलं. साईशला दम दिलाय, आता रात्रीचं वाचन बंद. मी एकटीच बघते कधीतरी. तेही काळजीपोटी.

आणि काळजी मिटली बाबा! गेल्या आठवडाभरात तू पायाचं एक अक्षर विचारलं नाहीस. दुखत नाही म्हणतोस, सुकतेय म्हणतोस, सातेरी देवीची कृपा. मी काल नारळ फोडला.

पण तू लबाड आहेस हं. तो कौल कसला ते मला कळलं. सुतकात देवीला विचारता येत नाही म्हणून तू एआयलाच पाकळ्या लावल्यास! मी वाचलं आणि एकटीच हसत बसले. 'मनात एक काम आहे. सुतक फिटेपर्यंत थांबू का? थांबायचं तर उजवी, नाहीतर डावी, तेवढंच सांग.' तो बिचारा विचारतो, काम कसलं ते सांगा. आणि तू काय उत्तर देतोस, 'देवी कधी विचारते का काम कसलं म्हणून?' बरोबरच आहे, गुरव पाकळ्या लावतो तेव्हा आपण तरी कुठे सांगतो? मनातलं काम म्हणायचं आणि हात जोडायचे. मग त्याचं नेहमीचं पाल्हाळ, तब्येतीचं असेल तर असं, कोर्टाचं असेल तर तसं. आणि तू हटूनच बसलास म्हणून शेवटी म्हणाला, तातडीचं काही नसेल तर घरची रीत पाळायला हरकत नाही, उजवी.

तर उजवी पडली! मीही तेच म्हणते रघू. थांब. सर्वेशच्या घरचे कुठे पळून चाललेत? सुतकात लग्नाची बोलणी काढू नयेतच. तू थांब म्हणालास तर मी त्यांना थांबवून ठेवते. मोठ्या बहिणीची उजवी पाकळी म्हण हवं तर.

आता पोटभर जेव आणि बागेत जाताना चप्पल घाल.

अक्का

---

डिचोली
२ एप्रिल २०२५

ती. आते,

तू बाबांच्या बाराव्याला आलीस तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि आई तुला सोडत नव्हती. तिच्यासमोर मला हे बोलता आलं नाही. ती औषध घेऊन झोपली आहे, म्हणून लिहिते.

तू तिथे सगळ्यांना सांगत होतीस की पाय सुकत आला होता आणि अचानक ताप आला. अचानक काही आलं नाही आते. दुसरा डॉक्टर नव्हताच. पहिल्यानंतर बाबा कुठेच गेले नाहीत. मलमपट्टी स्वतः करायचे, मागच्या पडवीत दार लावून, आणि पट्ट्या जाळून टाकायचे. दुखत नव्हतं ते खरं होतं. मेलेलं बोट दुखत नाही, असं मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. सुतक फिटायच्या आदल्या दिवशी ते थरथरायला लागले तेव्हा आईने मोजा ओढून काढला. घोट्यापर्यंत काळं होतं. इस्पितळात गुडघ्याखाली पाय काढला, पण विष रक्तात गेलं होतं. पुढचं तुला माहीत आहे.

मी त्यांच्याशी भांडले होते. डॉक्टर कापायला सांगतोय हे तुझ्या फोनमुळे आईला कळलं आणि आईमुळे मला. मी म्हटलं, आज चला, मी रजा घेते. ते म्हणाले, कौलाशिवाय अंगाला सुरी लावून घेणार नाही, सुतक फिटू दे. मग काही दिवसांनी त्यांनीच सांगितलं की दुसऱ्या डॉक्टरने नको म्हटलंय. मी विश्वास ठेवला, कारण मला विश्वास ठेवायचा होता. मार्चअखेर होती, ऑफिसात काम होतं.

तुझं तेरा तारखेचं पत्र आलं तेव्हा मी घरी होते. त्यांनी ते मला दाखवलं. सगळं नाही, शेवटचा भाग. बोट ठेवून दाखवलं, 'बघ, अक्काही थांब म्हणते.' दोन ठिकाणांहून उजवी आली म्हणून कित्येक दिवसांनी ते नीट जेवले. ज्या कामाला तू थांब म्हणालीस ते माझं लग्न नव्हतं आते. करंगळी होती. तू चुकीचं समजली आहेस हे त्यांना कळत होतं. तरीही त्यांनी तो कौल घेतला. त्यांना तो हवा होता.

अजून एक सांगायचं आहे, आणि ते माझं आहे. तुझ्या त्या हसण्याच्या पत्रानंतर ते माझ्याकडे फोन घेऊन आले होते. म्हणाले, 'तो जुना खंय गेलो? माका तोच जाय.' मी घाईत होते. मी कागदावर लिहून दिलं, 'बाबा, हा पैशाचा आहे, जास्त चांगला आहे, वापरा.' ते फोन खिशात टाकून बागेत गेले. का हवा होता तो जुना, हे मी विचारलंसुद्धा नाही. जुन्याकडे परत जायला दोन मिनिटं लागली असती.

परवा मी ते जुनं खातं उघडलं. फुकटचं. त्यात सगळं आहे. रोजचा रंग, रोजचा वास, पट्टीला काय लागलं, आईपासून कसं लपवलं. तू रागावशील याची भीती वाटते, तेही आहे. आणि प्रत्येक वेळी त्याने एकच सांगितलंय. 'वाट बघू नका. लगेच दाखवा.' त्याचं ऐकून ते पहिल्यांदा डॉक्टरकडे गेलेही होते. तुमच्या पैशाच्याला त्यांनी करंगळीचं विचारलं, तू वाचलंस, आणि त्यानंतर त्याला काहीच सांगितलं नाही. एकाच खात्यावरून तुम्ही सगळे विचारत होता, म्हणून त्या कौलाच्या वेळी त्याला माहीतच नव्हतं कोण विचारतंय आणि कशासाठी.

मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. द्यायचा झाला तर मला माझ्यापासून सुरुवात करावी लागेल. पण बाराव्याला तू 'अचानक' म्हणालीस आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, ते मला सहन झालं नाही. तुला तरी खरं माहीत असायला हवं.

सर्वेशच्या घरी काय ते तूच सांग.

गौरवी

---

मांद्रे
९ एप्रिल २०२५

प्रिय गौरवी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. अमृताने विचारलं काय लिहिलंय, मी नाही सांगितलं. या वेळेला नाही सांगितलं.

तू मला दोष देत नाहीस म्हणतेस. दे बाय. नाही दिलास तर मी तो घेऊन कुठे जाऊ? त्याने पाल्हाळ लावलं होतं म्हणून मी लिहिलं ना, ते पाल्हाळ मी पुरतं वाचलं होतं. 'तब्येतीचं असेल तर एक दिवसही थांबू नका' असं त्यात स्पष्ट होतं. मी वाचलं आणि माझ्या मनात तुझ्या लग्नाचे वाजपी वाजवत होते. बहिणीला भावाचा पाय आठवू नये? आठवडाभर पायाचं विचारलं नाही म्हणून मी नारळ फोडला! तो माझ्यामुळे बोलायचा बंद झाला होता आणि मला वाटलं बरा झाला.

सर्वेशच्या घरी मी गेले होते. म्हटलं वर्षभर विचारू नका. त्याची आई चांगली आहे, तिने चहा दिला.

आता जे लिहिते ते तुझ्या आईला सांगू नको. काल दुपारी सगळे पाहुणे किनाऱ्यावर गेले होते. मी एकटी होते. मी साईशचा फोन घेतला आणि त्या पैशाच्याला सगळं लिहिलं. मला जमत नाही लवकर, एक बोट घेऊन बसले. भाऊ त्रेसष्ट वर्षांचा. साखर इतकी. करंगळी काळी. वास येतो. दुखत नाही. तुझ्या पत्रात होतं ते सगळं, आणि रघूने मला लिहिलं होतं ते सगळं. तो गेला हे लिहिलं नाही. का नाही लिहिलं, मला विचारू नको. शेवटी विचारलं, सुतक चालू आहे, थांबू का?

त्याने पाल्हाळ नाही लावलं गौरवी. लगेच लिहिलं, 'थांबू नका. त्यांना आत्ताच मोठ्या इस्पितळात न्या. गाडी आहे का? सोबत कोण आहे?'

मी उठले. कमरेला किल्ल्या खोचल्या, चप्पल घातली आणि साईशला हाक मारली, 'गाडी काढ, डिचोलीला जायचंय, रघूला न्यायचंय.' तो धावत आला. दारात उभा राहून माझ्याकडे बघत राहिला.

तुझी
आते